मंडळी गाते तेव्हा पियानो

समूहाने गायल्या जाणाऱ्या भक्तिगीताला वाद्याची साथ करणे हे मैफलीतील साथसंगतीपेक्षा मुळातच निराळे काम आहे. ख्यालगायनात किंवा नाट्यगीतात पेटीवादक गायकाच्या मागोमाग जातो, त्याने घेतलेली जागा हेरतो आणि तो थांबला की ती पोकळी भरून काढतो. तेथे नेतृत्व निर्विवादपणे गळ्याकडे असते. चर्चमधील गायनात मात्र गळे शंभर-दीडशे असतात, त्यांनी एकत्र तालीम केलेली नसते, त्यांच्यात शाळकरी मुले असतात तशी सत्तरी ओलांडलेली माणसेही असतात, आणि लहान गावात तर समोर उभे राहून हाताने लय दाखवणारा संचालकही बहुधा नसतो. अशा वेळी सूर कोणता, लय कोणती, कडवे केव्हा सुरू करायचे आणि श्वास कोठे घ्यायचा, हे सारे सांगण्याची जबाबदारी वाद्यावर येते. प्रॉटेस्टंट मराठी ख्रिस्ती ज्याला ‘मंडळी’ म्हणतात तो उपासकांचा समूह वाद्याच्या मागे चालतो, आणि तरीही आपण आपल्याच लयीत गात आहोत असे त्याला वाटत राहावे लागते. या कामासाठी पियानो हे वरवर पाहता गैरसोयीचे वाद्य आहे. त्याच्या गैरसोयींतूनच त्याची साथ करण्याची एक स्वतंत्र विद्या घडली असून, रायगडच्या किनाऱ्यावर त्या विद्येला हवामान, भाषा आणि इतिहास या तिन्हींशी जुळवून घ्यावे लागते.

या किनाऱ्यावरील ख्रिस्ती गायनाचा इतिहास चौलच्या खाडीपाशी सुरू होतो. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात रेवदंड्याला आपले ठाणे केले, १५९४ मध्ये कुंडलिकेच्या मुखाशी असलेला कोर्लईचा डोंगरी किल्ला निजामशाहीकडून घेतला, आणि १७४० मध्ये हा सगळा मुलूख मराठ्यांच्या हाती गेला. रेवदंड्याच्या कोटात आज उभा असलेला ‘सातखणी’ हा मनोरा फ्रान्सिस्कन संन्याशांच्या सेंट बार्बरा चर्चचा अवशेष आहे. त्याच कोटात इतरही चर्चच्या भिंती झाडोऱ्यात उभ्या आहेत. सत्ता गेल्यावर बहुतेक पोर्तुगीज निघून गेले, परंतु किल्ल्याच्या पायथ्याशी राहिलेल्या कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीने धर्म राखला आणि पोर्तुगीज व मराठी यांच्या संसर्गातून तयार झालेली आपली मिश्र बोलीही राखली. भाषाशास्त्रज्ञ तिला कोर्लई क्रिओल म्हणतात, बोलणारे तिला ‘नो लिंग’ म्हणजे आमची भाषा म्हणतात, आणि ती आजही हजाराच्या आसपास लोकांच्या तोंडी आहे. कार्मेल मातेला वाहिलेल्या येथील चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे कॅथलिक पंथाची मुख्य उपासना, मराठीत होते. घरात एक भाषा आणि प्रार्थनेत दुसरी अशा स्थितीत गाणाऱ्या समूहाला गीताचे शब्द चालीच्या आधाराने लक्षात ठेवावे लागतात, आणि म्हणून चाल स्पष्ट ऐकू येणे ही येथे केवळ सौंदर्याची बाब राहत नाही.

पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात सोळाव्या शतकापासून चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरलेखन वाचणे, समूहात गाणे आणि ऑर्गन किंवा व्हायोलिन वाजवणे शिकवले जात असे. या शाळांचे गुरुजी ‘मेस्त्र’ म्हणून ओळखले जात. पुढे मुंबईच्या बँडमध्ये, चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आणि चर्चच्या ऑर्गनपाशी जे गोमंतकीय वादक दिसले, त्यांची पाळेमुळे या शिक्षणात होती. पियानोला मात्र कॅथलिक चर्चचे दार फार उशिरा उघडले. पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी काढलेल्या धर्मसंगीतविषयक आज्ञापत्रात चर्चमध्ये पियानो वाजवण्यास स्पष्ट मनाई होती आणि ढोल, झांजा यांसारखी वाद्येही त्याच यादीत होती. पियानोचा सूर नाटकगृहाची आणि दिवाणखान्याची आठवण करून देतो, असा या मनाईमागचा विचार होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संमत केलेल्या उपासनाविषयक घटनेत ऑर्गनचा मान कायम ठेवून, उपासनेला साजेशी असतील तर इतर वाद्ये स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने वापरण्यास वाव दिला, आणि लोकभाषेतील उपासनेचा मार्गही त्याच घटनेने मोकळा केला. मराठी मिस्सा आणि चर्चमधला पियानो यांना मान्यता देणारे कागद असे एकाच दिवसाचे आहेत, ही गोष्ट या विषयाच्या अभ्यासकाने विसरू नये.

प्रॉटेस्टंट बाजूचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. सावित्रीच्या मुखाशी, बागमांडल्याच्या समोरच्या तीरावर असलेल्या बाणकोटला १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी सोसायटीने आपले काम सुरू केले. हे मिशनरी ज्या प्रेस्बिटेरियन परंपरेतून आले होते, तिच्यात उपासनेत कोणतेही वाद्य चालत नसे. एक अग्रगायक स्तोत्राची ओळ म्हणे आणि सगळी मंडळी ती उचलून गाई. कीर्तनकाराने चरण म्हणावा आणि टाळकऱ्यांनी तो झेलावा, ही रीत ज्यांच्या अंगवळणी होती त्या कोकणातील श्रोत्यांना ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नव्हते. स्वतः स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या ओल्ड ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये रॉबर्ट ली यांनी १८६३ मध्ये हार्मोनियम आणि दोन वर्षांनी ऑर्गन आणला, तेव्हा त्यावरून मोठा वाद माजला. वाद्याविना समूहगायनाची अशीच रीत याच किनाऱ्यावरील बेने इस्रायल समाजातही सापडते. अलिबागच्या इस्रायल आळीतील आणि रेवदंड्यातील सिनेगॉगांत शब्बाथच्या प्रार्थनेला वाद्य वाजवले जात नाही आणि स्तोत्रांचा सूर केवळ गळ्यांनी सांभाळला जातो. वाद्याशिवाय समूह गाऊ शकतो, हे ज्या साथीदाराने एकदा मनापासून मानले, त्याचे वाजवणे आपोआप नम्र होते.

भारतीय चर्चमध्ये खऱ्या अर्थाने रुजले ते वाद्य म्हणजे पेटी. पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ यांनी १८४०च्या दशकाच्या आरंभी हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते वाद्य खुर्चीवर बसून, पायांनी भाता हलवून आणि दोन्ही हातांनी वाजवायचे होते. मराठीत त्याला पायपेटी म्हणतात आणि संगीत रंगभूमीच्या रसिकांना ती चांगली परिचित आहे. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी १८७५च्या सुमारास भाता मागे नेऊन जमिनीवर बसून वाजवता येणारी हातपेटी तयार केली. या बदलाचा एक परिणाम सहसा ध्यानात घेतला जात नाही. हातपेटीत एक हात भात्यात गुंतल्यामुळे वादकाजवळ चाल वाजवण्यापुरता एकच हात उरतो, तर पायपेटीत दोन्ही हात मोकळे असल्याने चार सुरांचे स्वरमेळ, ज्यांना संगीताचे विद्यार्थी सरसकट ‘कॉर्ड’ म्हणतात, ते वाजवता येतात. मराठी ख्रिस्ती गायनाचे दोन प्रवाह या दोन पेट्यांभोवती वाढले. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९), ज्यांचा जन्म कोकणातील करजगावचा, आणि अहमदनगरचे कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांची पदे व भजने हातपेटी, टाळ आणि तबल्यावर फुलली. तर ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहातील परदेशी चालींची भाषांतरित गीते पायपेटीला आणि पुढे पियानोला बिलगून राहिली. आज किनाऱ्यावरच्या एकाच उपासनेत दोन्ही प्रकारची गीते होतात आणि साथीदाराला एका बैठकीत दोन वेगवेगळ्या संगीतदृष्टींत वावरावे लागते.

पियानोची खरी अडचण समजण्यासाठी त्याची रचना पाहावी लागते. फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी १७०० च्या सुमारास बनवलेल्या या वाद्यात पट्टी दाबली की फेल्टने, पूर्वीच्या काळी चामड्याने, मढवलेला छोटा हातोडा तारेवर आदळतो आणि तत्क्षणी मागे हटतो. तार त्यानंतर आपली आपण कंप पावत राहते आणि नाद क्षणोक्षणी विरत जातो. ऑर्गन किंवा पेटीत हवा वाहते तोवर सूर तसाच टिकतो. समूहाला एका लांब स्वरावर धरून ठेवायचे असेल तर पेटी तो स्वर शेवटपर्यंत उभा ठेवते. पियानोचा स्वर मात्र चार मात्रांच्या अखेरीस निम्मासुद्धा उरत नाही, आणि लोकांचा सूर नेमका तेथेच खाली सरकू लागतो. याउलट, सुराचा आरंभ पियानोइतका नेमका दाखवणारे दुसरे वाद्य चर्चमध्ये क्वचितच असते, कारण हातोड्याच्या आघाताला धार असते. म्हणजे ऑर्गन समूहाला सुरावर पेलतो, तर पियानो त्याला लयीवर चालवतो. पियानोवादकाने ऑर्गनची नक्कल करू नये आणि दोन आघातांमधल्या काळाचा उपयोग करावा, हे या साथीचे सूत्र म्हणता येईल. तो काळ श्वासाचा असतो.

छापील गीतसंग्रहात परदेशी चाल सहसा चार आवाजांत लिहिलेली असते: स्त्रियांचा उंच आवाज सोप्रानो, खालचा आल्टो, पुरुषांचा उंच आवाज टेनर आणि सर्वांत खालचा बास. चारही स्वर दोन ओळींवर मांडलेले असतात आणि नवशिका ते जसेच्या तसे वाजवतो. घरी हे वाजवणे गोड वाटते, पण शंभर माणसे गाऊ लागली की ते बुडून जाते, कारण ही मांडणी गळ्यांसाठी केलेली आहे आणि पियानोचा मधला पट्टा नेमका गळ्यांच्याच पट्ट्यात येतो. म्हणून जाणता साथीदार बासचा स्वर डाव्या हाताने एक सप्तक खालच्या स्वरासह वाजवतो, चाल उजव्या हाताने वरच्या सप्तकासह घेतो आणि आल्टो-टेनरचे स्वर त्या दोन टोकांमध्ये उजव्या हाताच्या आतल्या बोटांत बसवतो. खालून पाया आणि वरून चाल असा आवाजाचा आराखडा झाला की मधली जागा लोकांच्या गळ्यांसाठी मोकळी राहते. पावसाळ्यात ही मांडणी विशेष उपयोगी पडते. उपासना-वर्षानुसार कार्मेल मातेचा सण १६ जुलैला, म्हणजे ऐन पावसाळ्यात येतो. कौलांवर किंवा पत्र्यावर पडणाऱ्या सरींचा आवाज सगळ्या पट्ट्यांवर पसरलेला असला, तरी पियानोच्या वरच्या सप्तकातील आघात त्यातूनही वेगळा काढता येतो, आणि जोराने ठोकण्यापेक्षा चाल एक सप्तक वर नेल्याने अधिक काम होते.

उजव्या पायाखालचे पॅडल दाबले की तारांवरचे दाबक उचलले जातात आणि स्वर रेंगाळत राहतात. विरणारा नाद लांबवण्याचा हा एकच उपाय असल्याने त्याचा मोह मोठा असतो. परंतु कॉर्ड बदलताना पॅडल तसेच धरले तर आधीचे स्वर पुढच्यांत मिसळून गढूळपणा येतो. योग्य रीत अशी की नवी कॉर्ड वाजते त्याच क्षणी पाय उचलावा आणि ती वाजून गेल्यावर लगेच पुन्हा दाबावा, म्हणजे जुना नाद सुटतो आणि नवा धरला जातो. उंच छताच्या, दगडी भिंतींच्या आणि फरशीच्या चर्चमध्ये वास्तूच स्वर लांबवत असते. तेथे पॅडल अगदी बेताने वापरावे.

साथीची परीक्षा प्रास्ताविक वादनापासून सुरू होते. बहुतेक ठिकाणी चालीची शेवटची ओळ, किंवा पहिली व शेवटची ओळ, वाजवून मंडळीला सूर व लय दिली जाते. हे वादन पुढे ज्या लयीत गायचे त्याच लयीत व्हायला हवे आणि त्याच्या अखेरीस लय सैल सोडता कामा नये. अखेरीस रेंगाळणारा वादक लोकांना दोन लयी देतो आणि पहिली ओळ त्या दोहोंच्या मध्ये कोठेतरी अडखळते. प्रास्ताविक संपल्यावर जितका काळ जाऊन पहिले कडवे सुरू झाले, तितकाच काळ प्रत्येक दोन कडव्यांमध्ये सोडावा. लोक ही मोजणी नकळत करतात, आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत सबंध मंडळी कोणाच्याही इशाऱ्याविना एकदम तोंड उघडते. ओळीच्या शेवटी मात्र हात किंचित उचलून खरोखरीची पोकळी ठेवावी लागते, कारण लोक त्या पोकळीतच श्वास घेतात. जो वादक ओळीमागून ओळ अखंड वाजवत जातो त्याच्या मंडळीत दुसऱ्या ओळीचे पहिले अक्षर कायम अर्धवट ऐकू येते. साथीदाराने प्रत्येक गीत स्वतः मनात, शब्दांसह, गात वाजवावे हा जुना नियम याच कारणाने सांगितला जातो. वाजवणाऱ्याला जेथे श्वास लागतो तेथे तो मंडळीलाही लागतो.

मंडळी रेंगाळते ही साथीदारांची कायमची तक्रार, आणि तिच्यामागे थोडे पदार्थविज्ञान आहे. तीस अंश सेल्सिअसच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. चर्च वीस मीटर लांब असेल तर पियानोचा ठोका शेवटच्या बाकावर सुमारे ०.०६ सेकंद उशिरा पोहोचतो, आणि तेथील माणसाचा आवाज वादकाच्या कानी परत येईपर्यंत तेवढाच वेळ पुन्हा जातो. मिनिटाला ७२ मात्रांच्या लयीत एक मात्रा ०.८३ सेकंदांची असते, म्हणजे मागच्या बाकांवरचे गायन वादकाला जवळपास मात्रेच्या एक-सप्तमांशाने मागे पडलेले ऐकू येते. लोक मागे आहेत असे वाटून तो थांबला की ते त्याच्यासाठी थांबतात, मग तो आणखी थांबतो आणि गीत खचत जाते. म्हणून वादकाने मागच्या बाकांकडे कान देऊन लय ठरवू नये. रेंगाळणे वाढले तर आवाज मोठा करण्याऐवजी स्वर आखूड करावेत, डाव्या हाताचे आघात सुटे ठेवावेत आणि पॅडल जवळजवळ सोडून द्यावे. आघात स्पष्ट झाला की समूह एक-दोन ओळींत सावरतो. लय ही आवाजाच्या जोराने सांभाळली जात नाही, हे उमगायला बहुतेक वादकांना काही वर्षे लागतात.

पट्टीची निवडही तितकीच महत्त्वाची आहे. मराठी गायक पेटीवरील पट्ट्यांनी सूर सांगतो: पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन याप्रमाणे. स्त्रिया आणि मुले एका सप्तकात व पुरुष त्याच्या खालच्या सप्तकात गातात असे धरले, तर चालीचा सर्वांत उंच स्वर मधल्या सप्तकाच्या पांढरी एकपासून वर मोजून नवव्या पांढऱ्या पट्टीच्या फारसा पलीकडे जाऊ नये. युरोपीय संग्रहांतील पुष्कळ चाली तालीम केलेल्या गायकवृंदाच्या सोयीने याहून वर लिहिलेल्या असतात, आणि त्या अर्ध्या किंवा एका स्वराने उतरवल्याखेरीज बाकांवरचे पुरुष गात नाहीत, ओठ मात्र हलवतात. सकाळी सातच्या मिस्सेला गळे उघडलेले नसतात, म्हणून तीच चाल सायंकाळच्यापेक्षा अर्ध्या स्वराने खाली घेणे शहाणपणाचे ठरते. शेवटच्या कडव्याला पट्टी अर्ध्या स्वराने चढवण्याची प्रथा अमेरिकन सुवार्तासभांतून सर्वत्र पसरली. तिने उत्साह येतो हे खरे, पण चढण्यापूर्वी नव्या पट्टीची एक ठळक कॉर्ड देऊन लोकांना सावध केले नाही तर निम्मी मंडळी जुन्या सुरात राहते.

मराठी शब्दांचा प्रश्न याहून नाजूक आहे. इंग्रजी स्तोत्रगीतांचे वृत्त अक्षरसंख्येने ओळखले जाते. सर्वांत रूढ वृत्तात ओळींची अक्षरे आठ, सहा, आठ, सहा अशी असतात, आणि एकाच वृत्ताची गीते व चाली एकमेकींत अदलाबदल करता येतात. अक्षरे मोजणे मराठीला नवे नाही, अभंगाचे चरणही अक्षरांनीच मोजले जातात. पण इंग्रजी ओळ बहुधा हलक्या अक्षराने सुरू होऊन दुसऱ्या अक्षरावर जोर देते, म्हणून तिची चालही ठोक्याआधीच्या हलक्या मात्रेवर उघडते. मराठीत शब्दांवर असा जोर नसतो. तेथे वजन ऱ्हस्व-दीर्घाने ठरते, आणि भाषांतरकाराने अक्षरसंख्या जमवली तरी दीर्घ ‘आ’ हलक्या मात्रेवर आणि ऱ्हस्व ‘इ’ ठोक्यावर पडण्याचे प्रसंग वारंवार येतात. मंडळी अशा जागी शब्दाशी इमान राखते आणि दीर्घ अक्षर ओढते, चाल काहीही म्हणो. त्या वेळी छापील मात्रांचा हट्ट धरणारा वादक मंडळीशी भांडतो. त्याऐवजी आरंभीचा हलका स्वर किंचित रुंद करून ठोका लोकांच्या अक्षरावर येऊ द्यावा आणि तसे सर्व कडव्यांत सारखे करावे. दोन-तीन रविवारांत ती त्या मंडळीची चाल होऊन जाते. संगीताच्या कागदाहून गाणाऱ्यांच्या भाषेला येथे मोठा अधिकार आहे, असे निःसंकोच म्हणायला हवे.

भजनी चालीच्या गीतांना पियानोची साथ करताना तर सगळी सवयच बदलावी लागते. या गीतांत स्वरमेळ अभिप्रेत नसतो, चाल आणि आधारस्वर एवढेच असतात. प्रत्येक स्वराखाली नवी कॉर्ड घातली की चालीचा प्रवाह तुटतो, आणि रागाच्या वळणात नसलेला एखादा स्वर त्या कॉर्डमधून घुसून सगळा रंग बिघडवतो. अशा वेळी डाव्या हातात फक्त षड्ज-पंचम ठेवून तंबोऱ्यासारखा आधार द्यावा, उजव्या हाताने चाल उघडपणे वाजवावी आणि ध्रुपदाच्या शेवटी, जेथे सूर षड्जावर येऊन विसावतो, तेथेच एखादी पूर्ण कॉर्ड घ्यावी. पियानोला मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, साधत नाही. तशा जागा मंडळीच्या गळ्यांवर सोपवून वादकाने फक्त पोहोचायचा स्वर वाजवावा. पट्टीवाद्यांच्या या मर्यादेवरून आपल्याकडे मोठा वाद झालेला आहे आणि आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला आपल्या कार्यक्रमांतून दूरही ठेवले होते. ठेका भजनी असो की दादरा, तो तबल्याकडे किंवा ढोलकीकडे असेल तर पियानोच्या डाव्या हाताने तोच पुन्हा वाजवू नये. दोन तालवाद्ये एकाच ठेक्यावर थोडीशी मागेपुढे पडली तर सबंध गीत डळमळते.

किनाऱ्यावर पियानो ठेवणे हा स्वतंत्र कष्टाचा भाग आहे. पियानोत सव्वादोनशेच्या आसपास पोलादी तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण पंधरा ते वीस टन भरतो. हा सगळा नाद बाहेर पसरतो तो मागच्या लाकडी नादफलकातून. जूनमध्ये हवेतील दमटपणा वाढला की तो फलक फुगतो, तारा अधिक ताणल्या जातात आणि विशेषतः मधल्या सप्तकांचा सूर चढतो. हिवाळ्यात तो पुन्हा उतरतो. पेटीच्या पितळी सुरांवर दमट हवेचा असा परिणाम होत नाही, म्हणून मे महिन्यात पेटीशी जुळलेला पियानो श्रावणात तिच्याशी जुळत नाही आणि दोन्ही वाद्ये एकत्र वाजवणाऱ्या चर्चमध्ये ही कटकट दरवर्षी उभी राहते. खाऱ्या वाऱ्याने तारा गंजतात, पट्ट्यांची लाकडे फुगून दाबलेल्या जागीच अडकतात, फेल्टला कसर लागते. वसाहतींच्या काळात उष्ण, दमट देशांसाठी पितळी स्क्रू आणि अधिक पक्क्या जोडणीचे पियानो मुद्दाम बनवले जात. आजचे घरगुती उपाय असे, की उभ्या पियानोच्या तळाच्या भागात तारांपासून अंतर राखून कमी वॅटचा दिवा किंवा तापणारी कांडी लावून आतली हवा कोरडी ठेवतात, पियानो बाहेरच्या भिंतीला टेकवत नाहीत, समुद्राकडच्या खिडकीसमोर ठेवत नाहीत, आणि सूर जुळवणाऱ्या कारागिराला पावसाळा ओसरून हवा स्थिरावल्यावरच बोलावतात.

या कारणांनी अनेक ठिकाणी पियानोची जागा इलेक्ट्रॉनिक कीबोर्डने घेतली आहे. तो हवेने बेसूर होत नाही, दोन माणसांनी उचलून मांडवात नेता येतो, आणि एक बटण दाबून पट्टी बदलत असल्याने ज्याला सर्व पट्ट्यांत वाजवता येत नाही त्याचेही काम चालते. त्याच्या दोन सवयी मात्र समूहगायनाला मारक आहेत. स्वयंचलित तालाचे बटण दाबले की यंत्राची लय ओळीच्या शेवटी श्वासासाठी थांबत नाही आणि मंडळीला धापा टाकत मागे धावावे लागते; आणि स्वस्त कीबोर्डच्या हलक्या पट्ट्यांवर जोर कमी-जास्त करता येत नसल्याने पहिले कडवे आणि शेवटचे कडवे एकाच आवाजात जाते. वीज हा तिसरा मुद्दा. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले, तेव्हा मुरूड-श्रीवर्धनच्या पट्ट्यात विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. ज्या चर्चमध्ये कीबोर्ड आहे, तेथेही कपाटात एक हातपेटी सुस्थितीत असलीच पाहिजे, आणि ती वाजवणारा माणूसही हवा.

माणूस तयार करण्याचा प्रश्न खरोखर वाद्याच्या प्रश्नाहून मोठा आहे, कारण किनाऱ्यावरची तरुण मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी मुंबई-पनवेलकडे जातात आणि साथीदार दर पाच-सात वर्षांनी नव्याने घडवावा लागतो. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षा दिलेला विद्यार्थी अवघड रचना वाजवतो, पण मंडळीपुढे बसला की गोंधळतो, कारण परीक्षेत त्याच्याबरोबर कोणी गात नसते आणि चूक झाली तर मागे जाऊन ती दुरुस्त करण्याची सवय त्याला लागलेली असते. येथे मागे जाता येत नाही. चुकलेली कॉर्ड सोडून पुढच्या ठोक्यावर हजर व्हावे लागते. त्यामुळे शिकवण्याचा क्रमही वेगळा ठेवावा. आरंभी केवळ चाल आणि बास हे दोनच स्वर वाजवायला द्यावेत, तेही शिकवणारा मोठ्याने गात असताना. ते न अडखळता जमल्यावर मधले स्वर भरावेत, नंतर तीच चाल तीन पट्ट्यांत वसवून घ्यावी, आणि पॅडल सर्वांत शेवटी. परदेशी चालीची पाच आणि भजनी चालीची पाच गीते अशी बसली की विद्यार्थ्याला रविवारच्या गर्दीपुढे लगेच न बसवता आठवड्यातील संध्याकाळच्या प्रार्थनेला वाजवू द्यावे, कारण तेथे पंधरा-वीसच माणसे असतात, त्यांचा प्रत्येक श्वास त्याला ऐकू येतो, आणि तो किती वेळ थांबला तर ती सगळी एकदम गातात हे त्याला तेथेच कळते.